सरपंचाविरुद्ध तक्रार: एसीबी, जिल्हाधिकारी की विभागीय आयुक्त?

गावात चुकीचं काही दिसलं की माणूस सगळं एकाच अर्जात ओततो. लाच, गटाराचं बोगस बिल, गायरानावरचं घर, न झालेली ग्रामसभा. असा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, कारण प्रत्येक गोष्टीचा अधिकारी वेगळा आहे. कुठे जायचं ते तुमच्या हातात कोणता पुरावा आहे त्यावर ठरवा, राग किती आहे त्यावर नको.

घरकुलाच्या हप्त्यासाठी पैसे मागितलेत आणि तुम्ही अजून दिलेले नाहीत? मग थेट एसीबी, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन 1064. आधी मागणीची पडताळणी होते, मग पंचांसमोर सापळा. नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावलेली असते. त्या घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. शिक्षा 3 ते 7 वर्षं. पण पैसे देऊन बसला असाल तर घाई करा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणंही गुन्हा आहे, आणि बळजबरीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांच्या आत कळवलं तरच संरक्षण मिळतं. नुसता गुन्हा दाखल झाल्याने सरपंचाचं पद आपोआप जात नाही, हेही मनात धरा.

पद घालवायचं असेल आणि कागद पक्के असतील तर जिल्हाधिकारी. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये अपात्रतेची कारणं आहेत, निर्णय कलम 16 खाली होतो. सरकारी जागेवरचं अतिक्रमण हे त्यातलं सर्वांत ठोस: मोजणी नकाशा आणि नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीचा) उतारा पुष्कळ बोलतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही स्पष्ट केलं की कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात सदस्य राहत असेल तर तोही सुटत नाही. पंचायतीच्या कामात स्वतःचा हितसंबंध हेही कारण आहे; मात्र ठेकेदार मेहुणा आहे एवढंच सांगून भागत नाही, हितसंबंध दाखवावा लागतो.

उरतो गैरकारभार: खोटी बिलं, कामात हयगय. इथे त्याच अधिनियमाचं कलम 39. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, काढून टाकण्याचा आदेश विभागीय आयुक्त देतात, त्यावर शासनाकडे अपील. वाट लांब आहे, आणि चौकशीला येणारा अधिकारी बहुतेक वेळा त्याच तालुक्यात रोज वावरणारा असतो. म्हणून तयारी तुमचीच हवी. 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून माप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची वही), व्हाऊचर आणि मासिक सभेचा ठराव मागा. मग टेप घेऊन गटारावर जा. पुस्तिकेत 120 मीटर आणि जागेवर 85 भरलं, तर दोन पंचांच्या सह्यांनिशी ते तिथेच लिहून घ्या. अशा एका कागदापुढे दहा पानी अर्ज फिका पडतो.

ग्रामसेवकाला (2024 पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) मात्र कलम 39 लागत नाही. चेकवर सरपंचाबरोबर त्याचीही सही असते, पण तो जिल्हा परिषदेचा कर्मचारी. त्याच्यासाठी जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठीचे 1964 चे शिस्त व अपील नियम दाखवून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्या. पुरावे तेच जोडा, आणि दोन्ही अर्जांच्या प्रतींवर आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.