आठ महिने मॅपिंग ड्रोन वापरल्यावर: सपाट मैदान मधेच का फुगलं?

महिन्यापूर्वी लिहायला बसलो असतो तर दोन शब्दांत संपवलं असतं: घेऊ नका. आज तसं म्हणवत नाही.

मॅपिंग ड्रोन म्हणजे वरून फोटो काढून जमिनीचा नकाशा आणि उंचीचं मॉडेल बनवायचा ड्रोन. माझ्या ड्रोनची स्पेसिफिकेशन थोडक्यात: 1 इंची सेन्सर, 20 मेगापिक्सेल, मेकॅनिकल शटर. आरटीके (उडतानाच जागा सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगणारं जीपीएस) नाही, कारण ते घेतलं तर बजेट पार कोलमडत होतं. मेकॅनिकल शटरवर मात्र काटकसर केली नाही, आणि ते बरंच झालं. मेकॅनिकल शटर अख्खा फोटो एकदम टिपतो, रोलिंग शटर ओळीओळीने. त्याला सेकंदाचा तिसावा भाग लागला आणि ड्रोनचा वेग सेकंदाला 10 मीटर असला, तर पहिल्या ओळीपासून शेवटची ओळ टिपेपर्यंत ड्रोन 33 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. माझ्याकडे 1/1000 सेकंदाला तो जेमतेम 1 सेंटिमीटर सरकतो.

मग ते मैदान आलं. 100 मीटर उंची, म्हणजे एका पिक्सेलला साधारण 2.7 सेंटिमीटर जमीन. ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या फोटोंत सामाईक येणारा भाग, पुढे 80 टक्के, बाजूला 70. कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा आणि उंची आधीच मोजलेल्या खुणा, चार कोपऱ्यांत, आणि मधोमध एक नुसता तपासणीसाठी ठेवलेला. ऑर्थोफोटो, म्हणजे सगळे फोटो जोडून केलेला नकाशासारखा फोटो, देखणा निघाला. उंचीच्या मॉडेलमध्ये मात्र मैदान पालथ्या परातीसारखं, मधला पॉइंट 38 सेंटिमीटर वर! एका हेक्टरवर सरासरी 10 सेंटिमीटर जरी चुकलं तरी 1000 घनमीटर माती कागदावर जास्त दिसते. असा रिपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा?

कॅमेराच सदोष, अशी माझी खात्री झाली. ड्रोन सर्व्हिसला दिला. 19 दिवस तिथे पडून राहिला, तपासणीची फी घेतली आणि चिठ्ठीवर लिहून आलं: दोष नाही. फोनवर मी चांगलाच भांडलो.

कॅमेरा खरोखरच ठीक होता. लेन्समुळे फोटोत येणारा बाक सॉफ्टवेअर त्याच फोटोंवरून काढतं. सगळे फोटो एकाच उंचीवरून, समांतर रेषांत, सरळ खाली बघणारे असले की बाक लेन्सचा की जमिनीचा, हे त्याला वेगळं करता येत नाही. मग लेन्सची चूक जमिनीच्या माथी बसते. त्याच मैदानावर पुन्हा उड्डाण केलं, या वेळी आडव्या रेषांचीही भर घातली आणि तेव्हा कॅमेरा 20 अंश तिरका ठेवला. फरक 5 सेंटिमीटरवर आला. फोटो वाढले, प्रोसेसिंग रात्रभर चालतं, पण फोटो जोडणारं सॉफ्टवेअर, ओपनड्रोनमॅप, फुकट आहे, चालू दे रात्रभर. राग एवढाच की फ्लाइट प्लॅनिंग ॲपमध्ये हे तिरके फोटो मुळात बंद असतात आणि का चालू करावेत ते कुठेच सांगितलेलं नाही.

कंट्रोल पॉइंट फोटोत दिसावेत म्हणून जमिनीवर ठेवायच्या मार्करवर पैसे घालवू नका. 30 सेंटिमीटरची फरशी फोटोत 11 पिक्सेल भरते, मधला बिंदू पुसट होतो. मी 60 सेंटिमीटरचे प्लायचे तुकडे कापून काळे-पांढरे त्रिकोण रंगवले. आधी ऑइल पेंट लावला होता. उन्हात तो असा चमकायचा की पांढरा भाग काळ्यावर पसरायचा. मॅट रंग दिल्यावर टोकं स्पष्ट दिसू लागली.

बॅटऱ्या तीन घेतल्या, एक फुगली. पूर्ण चार्ज करून तीन आठवडे कपाटात ठेवली होती, चूक माझीच. आता निम्म्या चार्जवर ठेवतो. नवी घेणार नाही, दोघींवर काम भागतं.

फी परत मागितली नाही. पण त्या चिठ्ठीवर ‘तिरके फोटो घेऊन बघा’ एवढी एक ओळ असती, तर माझे 19 दिवस वाचले असते.