झायमोग्राफी की चमकणारं जिलेटिन?

तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने तोंड उघडेनासं झालेली माणसं आपल्याकडे शोधावी लागत नाहीत. त्या तोंडात कोलॅजन, म्हणजे तंतूंचं प्रथिन, साचत जातं. ते तोडणारी एमएमपी एन्झाइमं कमी पडतात की त्यांना अडवणारं टिम्प हे प्रथिन वाढतं, यावर प्रोजेक्ट घेत असाल तर मोजायचं कशाने? झायमोग्राफीने, म्हणजे जिलेटिन मिसळलेल्या जेलमध्ये नमुन्यातली प्रथिनं विजेने वजनानुसार वेगळी करून, नंतर जेल निळं रंगवून जिलेटिन कुठे तुटलं ते बघत? की तुटल्यावर चमकणाऱ्या फ्लुरोसंट जिलेटिनने (जिलेटिन म्हणजे कोलॅजनचंच उलगडलेलं रूप)? मी दोन्ही वापरलंय.

फ्लुरोसंट पद्धत देखणी आहे. प्लेटच्या खळग्यांतला (वेलमधला) उजेड मोजणारा प्लेट रीडर असला की त्याच दिवशी आकडा हातात, आणि टिम्प चिकटलेलं असताना एन्झाइम प्रत्यक्षात किती चालतं तेच दिसतं. झायमोग्राफीत एसडीएस हा साबणासारखा पदार्थ टिम्पला एन्झाइमपासून सोडवतो, वर झोपलेल्या प्रो-एमएमपीलाही उघडतो. तुमच्या प्रश्नात टिम्पच मुख्य असेल तर ही उणीव लहान नाही.

पण ते जिलेटिन एकदा विरघळवलं की फ्रिज आला, आणि उन्हाळ्यात लाईन गेली की आमचा फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. जंतू वाढले की त्यांची एन्झाइमंही जिलेटिन तोडतात. मग नुसत्या बफरच्या वेलही चमकायला लागतात! त्या उजेडातून पेशींचं काम वेगळं काढता येईना. महागाची कुपी फेकायची, नवी मागवायची, पुन्हा तेच. शहरात हा त्रास कदाचित नसेलही.

झायमोग्राफीला लागणारी जिलेटिनची पावडर बरणीत पडून राहते. नमुना उकळायचा नाही, एसडीएस काढायला जेल ट्रायटन या सौम्य डिटर्जंटने धुवायचं, कॅल्शियमच्या बफरमध्ये ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचं. लाईन तेव्हाही जाते, पण मे महिन्यात बंद खोली फारशी थंड होत नाही. निळ्या जेलवर पांढरा पट्टा कुणाचा ते कळतं: ९२ किलोडाल्टन वजनाला प्रो-एमएमपी-९, ७२ला प्रो-एमएमपी-२, सक्रिय रूपं त्यांच्या खाली. जंतूंची भेसळ बहुधा भलत्याच वजनावर दिसते. जेलची एक पट्टी धातू धरून ठेवणाऱ्या ईडीटीएत ठेवावी. तिथले पट्टे गेले तर एन्झाइम धातूवर चालणारं. टिम्पसाठी त्याच साहित्यावर उलटी झायमोग्राफी करता येते. जेलमध्ये एमएमपीही मिसळायचं, टिम्प असेल तिथे निळा पट्टा उरतो.

पेशी तिच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन प्रथिनांनी मॅट्रिक्स (भोवतालचं कोलॅजनसारखं जाळं) धरून नेमकी कुठे तोडते, हे मात्र दोन्हींत कळत नाही. त्यासाठी काचेवर आधीपासूनच चमकणाऱ्या, वेगळ्या फ्लुरोसंट जिलेटिनचा थर देऊन वर पेशी वाढवतात. तोडलेल्या जागी काळे ठिपके पडतात. त्याला फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप लागतो, तेव्हा नागपुरात कुणाची ओळख असेल तर आधीच वेळ मागून ठेवा.