पार्ट टाइम जॉब म्हणून माझं बँक खातं वापरलं गेलं, यूकेला शिकायला येणाऱ्यांनी प्लीज वाचा

हे लिहायचं लिहायचं म्हणून मी किती महिने टाळत होते. पण परवा एका स्टुडंट ग्रुपवर तीच जाहिरात परत फिरताना दिसली, अगदी तेच शब्द, आणि खाली चारपाच मुलांनी 'इंटरेस्टेड' असं टाकलेलं बघून हात थरथरायला लागले माझे, म्हणून आता लिहितेच.

मी सप्टेंबर २०२४ ला लेस्टरला एमएससीसाठी आले. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं हे येण्याआधीच माहीत असतं, पण तेवढंही काम मिळत नाही हे इथे आल्यावर कळतं. दोन महिने सीव्ही घेऊन फिरले, कॅफे, वेअरहाऊस, केअर होम, कुठूनच उत्तर नाही. लोन काढून आलेय, घरच्यांकडे परत पैसे मागायची हिंमत होत नव्हती.

नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला, अकाउंट्स असिस्टंट, घरून काम, तासाला १६ पौंड. तेव्हा मिनिमम वेज ११.४४ होतं, तिथेच शंका यायला हवी होती. मी मेसेज केला तर एका बाईंचा फोन आला आणि त्या चक्क मराठीत बोलायला लागल्या. 'अगं मी पण स्टुडंट म्हणूनच आले होते, पहिले सहा महिने किती रडले मी' वगैरे. परक्या देशात दोन महिने धड कुणाशी बोलणं नाही आणि अचानक कुणीतरी मराठीत 'जेवलीस का' विचारतं तेव्हा काय होतं ते त्यातून गेलेल्यांनाच कळेल. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणायला लागले.

ताईंनी पासपोर्टची कॉपी, घरचा पत्ता, व्हिसाचा शेअर कोड (ज्याने आपला व्हिसा ऑनलाइन तपासता येतो), बँक डिटेल्स सगळं मागितलं. इथे खऱ्या नोकरीतही शेअर कोड द्यावाच लागतो, कंपनीला राइट टू वर्क, म्हणजे आपल्याला काम करायची परवानगी आहे का, ते चेक करावं लागतं, त्यामुळे मला ते उलट कायदेशीरच वाटलं. एक पीडीएफ कॉन्ट्रॅक्ट पण आलं, त्यात मी 'सेल्फ एम्प्लॉइड पेमेंट एजंट' आहे असं लिहिलं होतं. ते मी वाचलं पण लक्षात नाही घेतलं, आणि पुढे नेमकं तेच माझ्यावर उलटलं.

काम काय तर क्लायंटचे पैसे माझ्या खात्यात येणार, माझं कमिशन ठेवून बाकीचे ताई सांगतील त्या खात्यात पाठवायचे. पहिल्यांदा १,९०० पौंड आले, ६० ठेवले. चार दिवसांनी २,४०० आले, ७५ ठेवले. तिसऱ्यांदा २,७५० आले आणि मी ट्रान्सफर करायच्या आधीच अॅप बंद. खातं फ्रीझ. माझं रेंट, महिन्याचा सगळा खर्च त्याच खात्यात. बँकेला फोन केला तर का बंद केलं ते सांगायला तयारच नाहीत. नंतर कळलं की मनी लाँडरिंगचा संशय असला की कारण सांगायला बँकेला कायद्यानेच मनाई असते.

ताईंना सांगितलं तर एका मिनिटात आवाज बदलला. आता फोनवर एक माणूस यायला लागला, हिंदीत बोलायचा. २,७५० पौंड कॅश आणून दे म्हणे. मी म्हटलं पैसे बँकेत अडकलेत, कुठून देऊ, तर म्हणाला, 'सेल्फ एम्प्लॉइड काम केलंयस तू, स्टुडंट व्हिसावर ते चालत नाही, होम ऑफिसला (व्हिसा बघणारं सरकारी खातं) एक मेल टाकला की तू परत घरी'. आणि नियम खरा आहे हो, स्टुडंट व्हिसावर सेल्फ एम्प्लॉयमेंटला खरंच परवानगी नसते. म्हणूनच मी गप्प बसले. अकरा दिवस मी कुणालाही काही सांगितलं नाही, लेक्चरला जाणं बंद, आईबाबांच्या व्हिडिओ कॉलवर कॅमेरा खराब झालाय म्हणून सांगायचे.

बाराव्या दिवशी रात्री साडेदहाला माझ्या घराच्या दाराचा फोटो आला. दोन मिनिटांनी बेल वाजली. घरात मी एकटी, हाउसमेट शिफ्टवर. मी दिवे बंद करून बाथरूममध्ये बसले. ९९९, म्हणजे इथला इमर्जन्सी नंबर, लावला पण तोंडातून आवाजच फुटेना, आणि एक गोष्ट मला फ्रेशर्स वीकमध्ये (नव्या स्टुडंट्सचा पहिला आठवडा) कुणीतरी सांगितलेली आठवली, की मोबाइलवरून ९९९ लावला आणि बोलता येत नसेल तर विचारल्यावर ५५ दाबायचं, मग कॉल पोलिसांकडे जातो. मात्र त्याने तुमचं लोकेशन त्यांना आपोआप कळत नाही, कुजबुजत का होईना पत्ता सांगावा लागतो. मी सांगितला. पोलीस येईपर्यंत तो माणूस निघून गेला होता.

दोन पोलीस आले होते, त्यातल्या बाई माझ्याबरोबर किचनमध्ये तास दीड तास बसल्या. मी सगळं सांगितलं, व्हिसाचं पण, रडत रडत. मला अटक वगैरे काही झाली नाही. त्यांनी सांगितलं की गुन्ह्यातले पैसे आपल्या खात्यातून फिरवून देणाऱ्याला इथे मनी म्यूल म्हणतात, आणि जाणूनबुजून केलं असेल तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण मी चॅट, कॉन्ट्रॅक्ट, कॉल लॉग काहीच डिलीट केलं नव्हतं ते माझ्या कामी आलं. ताईंनी मला दोनदा चॅट डिलीट करायला सांगितलं होतं. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर करू नका, स्क्रीनशॉट काढून मेलवर पाठवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट अॅडव्हायझरकडे गेले. व्हिसाबद्दल त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, काय लेखी द्यायचं ते सांगितलं, हार्डशिप फंडातून रेंटची सोय करून दिली, आणि मला आठवडाभर युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमध्ये राहायला खोली मिळाली. या सगळ्या सोयी पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या, त्या अकरा दिवसांत मी त्यांच्या दारावरून रोज जात होते!

पैशांचं सांगायचं तर बँकेने खातं कायमचं बंद केलं आणि माझ्या नावावर सिफास मार्कर लावला (सिफास म्हणजे फसवणुकीच्या नोंदी ठेवणारी संस्था, त्या नोंदी बँका बघतात). हा मार्कर ६ वर्षांपर्यंत राहतो आणि त्यामुळे दुसरी बँक सहसा खातं उघडून देत नाही, खातं नाही तर पगार कुठे घेणार. आपल्या नावावर काय नोंद आहे ते सिफासकडून फुकट मागवता येतं, मी मागवलं. मग बँकेकडे लेखी तक्रार केली, त्यांना उत्तर द्यायला ८ आठवडे असतात, त्यांनी नाही म्हटल्यावर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र संस्था) गेले, तिथे पण फी नसते. पोलिसांचा क्राइम रेफरन्स नंबर आणि सगळे चॅट जोडले. सात महिन्यांनी मार्कर निघाला. ते सात महिने कसे काढले ते नाही सांगत इथे.

एक गोष्ट मात्र सांगायचीच आहे. ते पहिले १,९०० पौंड 'क्लायंटचे' नव्हतेच. पोलिसांकडून कळलं की दुसऱ्या शहरात नुकत्याच आलेल्या एका मुलीने खोलीच्या डिपॉझिटचे म्हणून पाठवलेले पैसे होते ते, आणि ती खोली अस्तित्वातच नव्हती. बॅगा घेऊन ती त्या पत्त्यावर पोचली असेल तेव्हा त्यातले ६० पौंड माझ्याकडे होते आणि मी त्या आनंदात जाड जॅकेट घेतलं होतं. ते जॅकेट मी नंतर कधी घातलं नाही.

तुमच्यापैकी कुणी आत्ता यात असेल, एकदाच पैसे फिरवले असतील किंवा नुसते डिटेल्स दिले असतील, तर आजच बँकेला सांगा, १५९ लावला तर बऱ्याच मोठ्या बँकांशी थेट जोडून देतात. कुणी दारात येत नसेल, फक्त फोनवर धमकावत असेल तर पोलिसांचा १०१ आहे. आणि एकटीने फोन करायची हिंमत होत नसेल तर मला मेसेज करा, लेस्टरमध्ये असाल तर मी येऊन शेजारी बसते, बाहेर असाल तर व्हिडिओ कॉलवर थांबते. रात्री कितीही वाजले असले तरी चालेल.