मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा व्यवहार्यता अहवाल : आखणी भक्कम, जमिनीचं प्रकरण कच्चं

जायका (जपान सरकारची आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था) आणि भारतीय रेल्वे मंत्रालय यांचा हा संयुक्त अभ्यास २०१३च्या अखेरीस सुरू झाला आणि जुलै २०१५मध्ये अंतिम अहवाल आला. अतिवेगवान रेल्वे दोन शहरांत परवडेल का, हे कसं तपासतात ते शिकायला आपल्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही.

आखणीचा भाग सर्वांत चोख. ताशी ३२० किमी वेगाला वळणाची त्रिज्या ६,००० मीटर का हवी, हे स्वतः पडताळता येतं. १४३५ मिमी गेजवर (दोन रुळांमधलं अंतर) वळणावर बाहेरचा रूळ किती मिमी उंच हवा, ते काढायचं सूत्र : ११.८ गुणिले वेगाचा (ताशी किमी) वर्ग, भागिले त्रिज्या (मीटर). उत्तर येतं सुमारे २०० मिमी. रूळ १८० मिमी उचलला, तर उरलेली वीसेक मिमीची तूट प्रवाशाला सहज सोसते. त्रिज्या ४,००० केली की गरज ३०० मिमीवर जाते आणि वेग उतरवावा लागतो. ‘गाव चुकवून मार्ग जरा वळवा’ हे म्हणूनच सोपं नसतं.

प्रवाशांचा अंदाज मात्र पेन्सिल घेऊन वाचा. २०२३मध्ये एका दिशेला रोज १७,९०० प्रवासी आणि ३५ गाड्या धरल्या आहेत. म्हणजे गाडीमागे ५११ माणसं. दहा डब्यांच्या गाडीत साधारण ७५० जागा, म्हणजे ६८ टक्के भरती. आकडा अशक्य नाही. पण तिकीट वातानुकूलित प्रथम वर्गाच्या दीडपट धरलंय. ते उतरवावं लागलं, तर प्रवासी वाढले तरी उत्पन्न वाढेलच असं नाही.

अहवालातला खर्च ९७,६३६ कोटी रुपये. त्यात भाववाढ, बांधकामकाळातलं व्याज आणि आयातशुल्कही आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रकल्पाच्या नुसत्या बांधकामखर्चाशी त्याची तुलना करू नका.

खरी उणीव जमिनीची. अहवालात बराच मार्ग मातीच्या भरावावर होता. भरावाला उतार द्यावा लागतो, म्हणून पट्टा रुंद होतो आणि शेताचे दोन तुकडे पडतात. पुढे ५०८ पैकी ४६० किमीहून जास्त मार्ग खांबांवर गेला. भूसंपादनाला लागणारा वेळही कमी धरला गेला : गुजरातेतलं पहिलं मोठं कंत्राट २०२०चं, महाराष्ट्रातल्या बोगद्याचं आणि उन्नत मार्गाचं २०२३चं. पालघरच्या गावांशी बोलणं आखणीच्या आधी व्हायला हवं होतं.

मुंबई–पुणे–हैदराबाद मार्गाचा अहवाल हाती येईल तेव्हा आधी बोरघाटाचं पान उघडा. खोपोली ते लोणावळा चढ सुमारे साडेपाचशे मीटर. हजारी २५च्या (हजार मीटरमागे २५ मीटर) चढाने तो चढायला किमान २२ किमी लांबी लागते, तीही बहुतेक बोगद्यातून. तिथला खडक तपासायला बोअर (खोल छिद्रं) किती आणि किती खोल घेतले, हे नमूद नसेल तर पुढच्या खर्चाच्या आकड्यावर विसंबू नका.