छतावरचा एसी, थर्मोस्टॅटची वायर आणि गेलेले अठराशे डॉलर

ॲरिझोनात फिनिक्स आणि आसपास, म्हणजे चँडलर, मेसा, गिल्बर्टकडे जुनं घर घेतलेल्या किंवा घ्यायला निघालेल्या मराठी मंडळींसाठी लिहिते आहे. आमच्याकडून जे पैसे उकळले गेले ते एसीच्या नावाखाली. खरं तर विकली गेली ती एक वायर, आणि तीही घातलीच नव्हती.

इथल्या जुन्या बैठ्या घरांचा एसी छतावर असतो. कॉम्प्रेसर, पंखा, कॉइल सगळं एकाच पेटीत, आणि तिथून डक्ट खाली घरात उतरतो. पूर्वी यातल्या बऱ्याच घरांवर पाण्याचे कूलर होते, आपल्या विदर्भात असतात तसे. कूलर गेले आणि त्याच जागी ही पेटी बसली. तिला दोन वेगळ्या वायरी जातात. एक २४० व्होल्टची, घराच्या पॅनेलमधून छतावरच्या डिस्कनेक्टच्या, म्हणजे पेटीची वीज तोडायच्या, डब्यापर्यंत आणि तिथून पेटीत. दुसरी बारीक, पाच-सहा रंगीत तारांची, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपासून वर जाणारी. तिच्यात फक्त २४ व्होल्ट असतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण आमच्या बिलात या दोन्हींची खिचडी केली होती.

मे महिन्यात आम्ही नवा वायफायवाला थर्मोस्टॅट आणला. घरी आलेल्या एका जाहिरातीत ४९ डॉलरमध्ये एसीची तपासणी आणि थर्मोस्टॅट बसवणं असं दोन्ही होतं. ४९ डॉलरमध्ये या गावात कुणी शिडीसुद्धा गाडीवरून उतरवत नाही. अशा कंपन्यांचा माणूस बहुतेक वेळा कारागीर कमी आणि कमिशनवरचा विक्रेता जास्त असतो.

आलेला तरुण फार गोड बोलणारा. जुना थर्मोस्टॅट काढला, भिंतीतल्या तारा बघितल्या आणि म्हणाला, “तुमच्या घरात सी वायरच नाही. नवा थर्मोस्टॅट चालणार नाही.” सी म्हणजे कॉमन, २४ व्होल्टची परतीची तार. जुने थर्मोस्टॅट बॅटरीवर चालायचे, त्यांना तिची गरज नव्हती. वायफायवाल्यांना सतत वीज लागते. एवढं खरं होतं. पुढचं ऐका. छतापर्यंत नवीन केबल ११५० डॉलर. डिस्कनेक्टचा डबा ‘जुन्या कोडचा’, म्हणजे वायरिंगच्या जुन्या नियमांचा, म्हणून तो आणि तिथून पेटीपर्यंतची वायर बदलायची, ७०० डॉलर. बाहेर ११२ फॅरनहाइट, म्हणजे ४४ सेल्सियस. घरात सासू-सासरे सांगलीहून आलेले. एसी उघडून ठेवलेला. कार्डावरून १८५० डॉलर गेले.

तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. थर्मोस्टॅट एकदा उजळला आणि विझला. मग चेहरा पाडून म्हणाला, “वाईट बातमी आहे. कॉम्प्रेसर ग्राउंड झालाय, बोर्ड जळलाय. आणि यातला गार करणारा ४१०ए गॅस सरकारनं बंद केलाय, त्यामुळे दुरुस्तीला अर्थ नाही.” नवी पेटी १४,६०० डॉलर. आज सही केली तर २००० सूट, हप्त्यांची सोयही तोच करणार. उद्या हा भाव नाही.

माझे सासरे महाराष्ट्र राज्य वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. इंग्रजी बेताचं, पण ‘कॉम्प्रेसर ग्राउंड’, म्हणजे आतली वीज बाहेरच्या धातूला लागली, एवढं त्यांना बरोबर कळलं. ते मला म्हणाले, “अगं, विचार त्याला, मेगर लावला का? रीडिंग किती आलं?” मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर. मी विचारलं. मीटरची काहीतरी अडचण सांगायला लागला. बाबा म्हणाले, “कॉम्प्रेसर अर्थ झाला तर ब्रेकर पडायला पाहिजे. ब्रेकर तर चालू आहे. आणि कॉम्प्रेसर मेला म्हणून भिंतीवरचा हा डबा कशाला विझेल? ह्याचा सप्लाय वेगळा.” हे इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ झाली, पण त्या पोरानं अर्थ ओळखला असावा. दुपारपासून पहिल्यांदा त्यानं घड्याळाकडे पाहिलं. “विचार करून फोन करा,” म्हणत गेला. जाताना बिल मात्र हातात ठेवून गेला, ‘नवीन केबल, नवीन ६० अँपिअर डिस्कनेक्ट, नवीन वायर’ असं सगळं नीट लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी, छत तापायच्या आत, बाबा वर चढले. आई खालून ओरडत होत्या, त्या अजूनही तो विषय काढतात. डिस्कनेक्टचा डबा जुनाच. घर रंगवताना त्याच्यावर उडालेला रंग स्क्रूच्या खाचांत तसाच भरलेला. रंगाचा पापुद्रासुद्धा मोडलेला नव्हता. ज्या स्क्रूला पेचकस लागला नाही, त्याच्या आतला डबा बदलला कसा? बारीक केबलही जुनीच. पेटीपाशी हातभर नवा तुकडा जोडून टेप गुंडाळलेली. खाली थर्मोस्टॅटमागे तसाच दुसरा तुकडा, जोड भिंतीत ढकललेला. दोन्ही टोकांना नवी केबल दिसते, मध्ये सगळी जुनी. आणि त्या जुन्या केबलमध्ये एक निळी तार दोन्हीकडे नुसती गुंडाळून ठेवलेली होती. म्हणजे सी वायरसाठी मोकळी तार घरात पहिल्यापासून होती.

पेटीवरच्या नेमप्लेटचा फोटोही बाबांनी काढला. सर्किटची किमान क्षमता २३ अँपिअरच्या आसपास, ब्रेकर जास्तीत जास्त ३५. पॅनेलमध्ये ब्रेकर ३५चाच, वायर १० गेज तांब्याची. ‘जुन्या कोडचं’ म्हणून त्यानं जे विकलं, त्यात बदलण्यासारखं काही नव्हतंच. ही नेमप्लेट सगळ्या पेट्यांवर असते. कुणी वायर किंवा ब्रेकर बदलायचा म्हणाला तर आधी तिचा फोटो मागा.

मग शेजाऱ्यांच्या ओळखीनं परवानाधारक माणूस आला. त्यानं कंट्रोल बोर्डवरचा फ्यूज काढून दाखवला, गाडीत असतो तसला, ५ अँपिअरचा, उडालेला. २४ व्होल्टची आर तार चालू असताना सीला टेकली की हा उडतो आणि थर्मोस्टॅट विझतो. आधी डिस्कनेक्ट ओढून मग तारांना हात लावला असता तर हे झालंच नसतं. त्या तरुणानं हलगर्जीपणानं उडवला की १४,६०० च्या पेटीसाठी मुद्दाम, हे मला आजही सांगता येत नाही. कॉम्प्रेसरला याने खरोखर मेगर लावला आणि रीडिंग बाबांना दाखवलं, इन्सुलेशन उत्तम. निळी तार दोन्ही टोकांना सीला लावली, नवा फ्यूज घातला. तरी गार मागितलं की गरम हवा यायची. आमची पेटी हीट पंपाची, म्हणजे गार आणि गरम दोन्ही करणारी, आणि ओ/बी या टर्मिनलचं सेटिंग थर्मोस्टॅटमध्ये उलटं ठेवलेलं. बहुतेक कंपन्यांत ओची तार गार करताना चालू होते, काही मोजक्यांत बीची गरम करताना. सेटिंग पालटलं आणि घर गार झालं. हे सगळं काम १८० डॉलरमध्ये झालं.

गॅसचंही तेवढंच अर्धसत्य. १ जानेवारी २०२५ पासून ४१०ए वापरणारे नवे घरगुती एसी बनवायला आणि आयात करायला बंदी आली. घरात आधीपासून असलेली पेटी चालवायला, दुरुस्त करायला, तिच्यात गॅस भरायला बंदी नाही. ‘गॅस बंद झाला’ म्हणून कुणी चालती पेटी काढायला सांगत असेल तर तो तुम्हाला विकायला आलाय.

आता परवान्याचं. ॲरिझोनात हजार डॉलरपेक्षा मोठ्या किंवा परमिट लागणाऱ्या कामाला रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्स या राज्याच्या कार्यालयाचा परवाना लागतो. घरगुती एसीचा वर्ग आर-३९, विजेचा आर-११, आणि सीआर-३९ घर-दुकान दोन्हींना चालतो. जाहिरातीवरचा परवान्याचा नंबर मी रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर टाकला. नंबर खरा निघाला, पण दुसऱ्याच नावाचा, आणि निलंबित. फरक कुठे पडतो? परवानाधारकानं फसवलं तर राज्याच्या रिकव्हरी फंडातून घरमालकाला ३०,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. बिनपरवान्याच्या माणसासाठी त्या फंडाचं दार बंद. तक्रार मात्र तरीही करता येते, आणि मी केली.

नव्या पेटीवर आम्ही सही केली नव्हती. पण एका मैत्रिणीनं अशाच दुपारी केली होती. तिच्यासारख्यांना उपयोगी पडेल: घरी येऊन केलेल्या विक्रीचा करार तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, असा फेडरल नियम आहे. तुम्ही स्वतः दुरुस्तीला बोलावलं असेल तर त्या दुरुस्तीला हा नियम लागू नाही, पण दुरुस्तीच्या निमित्तानं वर खपवलेल्या मालाला आहे. रद्द केल्याचं लेखी पाठवायचं, फोनवर सांगून भागत नाही.

आमचे १८५० कार्डाच्या बँकेकडे वादात टाकले. बँकेनं स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. रंग भरलेल्या स्क्रूचा फोटो, जोडांपाशी दिसणारी जुनी केबल, दुसऱ्या माणसाचा लेखी अहवाल आणि ‘नवीन डिस्कनेक्ट’ लिहिलेलं त्यांचंच बिल, एवढं जोडलं. कंपनीनं उलट उत्तर दिलं की काम ग्राहकाच्या समोर झालं. छतावर? बँकेनं डिस्कनेक्ट आणि त्याच्या वायरीचे ७०० परत केले. केबलचे ११५० अजून अडकलेत, कारण दोन्ही टोकांचे नवे तुकडे त्यांनी फोटोत दाखवलेत. मधल्या जुन्या केबलचे फोटो काढायला आता पोटमाळ्यात शिरावं लागणार आहे, आणि तिथं शिरण्यासारखी हवा ऑक्टोबरशिवाय होत नाही.