द्युरुफ्ले यांचं ‘रेक्विएम’: पाच ध्वनिमुद्रणं, सात महिने ऐकल्यावर

फ्रेंच संगीतकार मोरीस द्युरुफ्ले (१९०२–१९८६) यांच्या ‘रेक्विएम’चं, म्हणजे मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेवर बांधलेल्या त्यांच्या नवव्या क्रमांकाच्या रचनेचं (ओपस ९), ध्वनिमुद्रण निवडताना बहुतेक जण आधी गायकांची नावं बघतात. सात महिने पाच मुद्रणं आलटून पालटून ऐकल्यावर माझं मत असं झालंय की आधी रचनेची आवृत्ती बघावी. एकाच रचनेच्या तीन आवृत्त्या आहेत: १९४७ ची पूर्ण वाद्यवृंदाची, १९४८ ची फक्त ऑर्गनच्या साथीची आणि १९६१ ची छोट्या वाद्यवृंदाची. १९६१ च्या आवृत्तीत तंतुवाद्यं आणि ऑर्गन असतात. ट्रम्पेट, हार्प आणि टिंपनी (नगाऱ्यासारखं तालवाद्य) ऐच्छिक. तिन्हींत समूहाचं गाणं तेच, कानावर पडणारा अनुभव मात्र पार वेगळा. अल्बमच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा आवृत्तीचा उल्लेखच नसतो. वाद्यवृंदाचं नाव नसेल आणि ऑर्गनवादकाचं असेल, तर बहुधा ती १९४८ ची समजावी.

मुद्रण पारखायचं कसं, हे आधी सांगतो. या नऊ भागांच्या, साधारण चाळीस मिनिटांच्या रचनेचा कणा म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेतल्या जुन्या ग्रेगोरियन चाली, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी एकाच सुरात गायच्या लॅटिन चाली. लहानपणी फ्रान्समधल्या रुआँच्या कॅथेड्रलमध्ये गाणाऱ्या द्युरुफ्ले यांच्या कानात त्या मुरलेल्या होत्या. फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या पद्धतीप्रमाणे या चाली दोन-दोन, तीन-तीन सुरांच्या गटांनी पुढे सरकतात. त्यांना ठेका नसतो, वजन शब्दाबरोबर हलतं. म्हणून स्वरलिपीत मोजणी पुन्हापुन्हा बदलते. निर्देशक (कंडक्टर) प्रत्येक मोजणीच्या पहिल्या मात्रेवर सम असल्यासारखा जोर देऊ लागला की चाल लंगडते. हे ऐकण्यासाठी ‘इंत्रोइत’ या पहिल्या भागाची पहिली दोन मिनिटं पुरतात. खाली साथीत बारीक सुरांची लगड अखंड वाहते, वर पुरुषांचे आवाज ‘रेक्विएम एतेर्नाम’ गातात आणि स्त्रियांचे आवाज शब्दांशिवाय नुसत्या आकारात येतात. पुरुषांचे शब्द लगडीवर तरंगले तर मुद्रण ठेवावं. लगडीला बांधल्यासारखे वाटले तर पुढचे आठ भाग ऐकूनही फरक पडत नाही.

द्युरुफ्ले यांनी स्वतः निर्देशित केलेलं, एरातो कंपनीचं १९५० च्या दशकाच्या अखेरचं मुद्रण या कसोटीवर सर्वांत पुढे आहे. लामुरो वाद्यवृंद, एलेन बुव्हिए आणि झाव्हिए देप्रा हे एकल गायक आणि ऑर्गनवर द्युरुफ्ले यांच्या पत्नी मारी-मादलेन. लय कुठेच रेंगाळत नाही. फ्रेंच लाकडी वाद्यांचा किंचित नाकातला सूर आज कुणाकडे उरलेला नाही आणि या संगीताला तो अगदी शोभतो. दोष मात्र खरे आहेत: वरच्या पट्टीत स्त्रियांचे आवाज थरथरतात, ‘सांक्तुस’च्या शिखरावर ध्वनी दाटून येतो, शांत जागी टेपची खरखर ऐकू येते. पहिली खरेदी म्हणून हे मुद्रण सुचवणार नाही. दुसरी म्हणून नक्कीच.

पहिली खरेदी निर्देशक मॅथ्यू बेस्ट यांची. हायपेरियन कंपनीचं मुद्रण, कॉरिडन सिंगर्स हा गायकसमूह, इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा, एकल गायक अ‍ॅन मरे आणि टॉमस अ‍ॅलन, ऑर्गनवर टॉमस ट्रॉटर. यात १९६१ ची आवृत्ती आहे आणि तिचा फायदा ‘किरिए’ या दुसऱ्या भागात कळतो. तिथे समूहाचे आवाज एकमेकांच्या मागे येत चाल विणतात आणि त्याच वेळी मूळ ग्रेगोरियन चाल लांबवलेल्या सुरांत साथीतून जाते. पूर्ण वाद्यवृंदात हे काम पितळी वाद्यांचं असतं; जोर थोडा वाढला तरी गायकांचे शब्द बुडतात. इथे ती चाल सुटी ऐकू येते आणि शब्दही शाबूत राहतात.

रॉबर्ट शॉ यांचं अटलांटाचं मुद्रण (टेलार्क, १९८० चं दशक) त्याच्या उलट टोकाला. पूर्ण वाद्यवृंद, भव्य कोरस, ज्युडिथ ब्लेगन आणि जेम्स मॉरिस. ‘सांक्तुस’मधल्या ‘होसान्ना’ची चढण एका पायरीने, मग दुसऱ्या पायरीने, घाई न करता बांधली आहे, ती जागा इतकी नीट साधणारे थोडेच. पण ‘इंत्रोइत’मध्ये एवढा मोठा समूह शब्दांना हलकं वजन देऊ शकत नाही, ओळी जरा जड पडतात.

ऑर्गनच्या आवृत्तीची मी दोन मुद्रणं ठेवली आहेत. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचं, जॉर्ज गेस्ट यांचं, १९७० च्या दशकातलं. ऑर्गनवर तरुण स्टीफन क्लिओबरी. मुलांचे आवाज खुले आणि धारदार आहेत. इंग्लंडमधल्या नेहमीच्या गुळगुळीत सुरापेक्षा ते फ्रान्सच्या जवळ जातात. अडचण ‘पिए येझु’ची. हा भाग मेझो-सोप्रानो (मधल्या पट्टीचा स्त्री आवाज) आणि एकट्या चेलोसाठी लिहिलेला आहे, इथे तो मुलाने गायलाय. वरच्या ओळी निर्मळ, पण चाल खालच्या सुरांत उतरते तिथे मुलाचा आवाज पातळ होतो आणि चेलो पुढे येतो. फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांच्या रेक्विएममधला ‘पिए येझु’ मुलाला पेलतो म्हणून हाही पेलेल, हे गृहीत चुकीचं आहे. दुसरं केंब्रिजच्याच किंग्ज कॉलेजचं. फिलिप लेजर यांच्या या मुद्रणात मेझो-सोप्रानो जॅनेट बेकर आहेत आणि त्या एका भागासाठी ते घ्यावं. बाकी ठिकाणी चॅपलचा लांब घुमारा ‘किरिए’ची वीण पुसून टाकतो.

बॅरिटोनचा, म्हणजे मधल्या पट्टीच्या पुरुषी आवाजाचा, मुद्दा वेगळाच. ‘दोमिने येझु’ आणि ‘लिबेरा मे’ यांतल्या त्याच्या मोजक्या ओळी एकट्या गायकाने न गाता समूहातल्या खालच्या पुरुषी आवाजांनी मिळून गाव्यात, असं द्युरुफ्ले यांचं नंतरचं मत होतं. ते मला पटतं. मोठा ऑपेरा गायक दोन मिनिटांसाठी उभा राहिला की प्रार्थना थांबते आणि रंगमंच सुरू होतो.

आता ऐकण्याची व्यवस्था. अ‍ॅपमधलं ‘व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन’, म्हणजे सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय, बंद करा. ते प्रत्येक ट्रॅक वेगळा मोजत असेल तर ‘पिए येझु’ फुगतो, ‘सांक्तुस’ दबतो आणि रचनेचा उतार-चढावच जातो. आवाजाची पातळी ‘होसान्ना’च्या शिखरावर ठरवा, मग सुरुवातीला जा. उलट केलंत तर वीस मिनिटांच्या आत धावत जाऊन आवाज कमी करावा लागेल. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीमध्ये आधी ‘स’, ‘त’सारखी व्यंजनं आणि वास्तूचा घुमारा खराब होतो, म्हणजे चर्च संगीतात जे जपायचं तेच. ऑर्गनच्या सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा सूर ३३ हर्ट्झच्या आसपास, बत्तीस फुटीचा १६ च्या आसपास. टेबलावरचे छोटे स्पीकर हे वाजवतच नाहीत. सबवूफर नसेल तर ऑर्गनच्या आवृत्तीसाठी बरे, कान झाकणारे हेडफोन वापरा.

आणि ‘ऑटोप्ले’ बंद ठेवा. ‘इन पारादिसुम’ या शेवटच्या भागाचा अखेरचा स्वरमेळ सुटत नाही, अतिशय हळू आणि उघडा राहतो. बेस्ट यांच्या मुद्रणात तो विरताना कान देऊन ऐकावा लागतो आणि तेवढ्यात पुढचं गाणं सुरू होता कामा नये.