इंजिन न उघडताच ‘इंजिनचं काम’: ऑइल खाणाऱ्या डिझेल गाडीच्या मालकांनी वाचावं असं

जुनी डिझेल गाडी ऑइल खायला लागली की गॅरेजमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: ‘इंजिनचं काम निघालंय.’ कधी कधी ते खरंही असतं. पण कसलीही तपासणी न करता, गाडी आत घेतल्या घेतल्या कुणी हे ऐकवलं, तर किल्ली परत मागा. या एका वाक्यावर माझ्या वडिलांकडून 78,000 रुपये घेतले गेले आणि प्रत्यक्षात इंजिन उघडलंच गेलं नाही.

माझ्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, 2011 ची डिझेल डिझायर आहे, दीड लाखाच्या वर किलोमीटर झालेली. तिच्यातलं 1248 सीसीचं मल्टिजेट इंजिन काही नवखं नाही. फियाटच्या पुंटो-लिनियात तेच, टाटाच्या व्हिस्टा-मान्झातही तेच. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातसुद्धा ते बनायचं. त्यामुळे गावोगावच्या मेकॅनिकांचे हात त्यावर बसलेले आहेत आणि सुटे भाग कुठेही मिळतात. मेकॅनिकला इंजिनची माहिती नव्हती, असं म्हणायला जागा नाही.

आबा निवृत्त शिक्षक. गाडीची वही ठेवतात. डिझेल, हवा, सर्व्हिसिंग, ऑइलचा टॉपअप, सगळं तारीख आणि किलोमीटर घालून लिहिलेलं. त्या वहीत दिसत होतं की गाडी 1,000 किलोमीटरला साधारण लिटरभर ऑइल पीत होती. हे नक्कीच जास्त आहे. काही युरोपीय कंपन्यांच्या हँडबुकात 1,000 किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालतो असं लिहिलेलं असतं, पण चांगल्या स्थितीतलं इंजिन त्याच्या आसपासही जात नाही. शिवाय या इंजिनात एकूण ऑइलच तीन लिटरच्या आसपास मावतं. त्यातलं लिटरभर गेलं म्हणजे तिसरा हिस्सा गेला. टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर याच ऑइलवर चालतात. तेव्हा आबांची काळजी अगदी रास्त होती.

गॅरेजवाल्याने त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं. आतून धूर आला. ‘बघा काका, बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंगा संपल्या.’ मग इंटरकूलरचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचा, पाइप सोडवून आत बोट फिरवलं आणि ऑइलने काळं झालेलं बोट आबांसमोर धरलं. ‘बोअरला आलंय. हाफ इंजिन करावं लागेल.’ म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि पिस्टन ज्यात वरखाली होतो तो बोअर झिजलाय, इंजिन खोलून काम करावं लागेल.

या दोन्ही खुणा खोट्या नसतात, म्हणूनच त्या धोकादायक आहेत. दीड लाख किलोमीटर चाललेल्या कुठल्याही डिझेल इंजिनचं झाकण गरम असताना उघडलं तर थोडी वाफ येणारच. आत दाब किती आहे ते महत्त्वाचं. झाकण नुसतं उलटं ठेवलं आणि ते उडायला लागलं, तर काहीतरी बिघडलंय एवढं कळतं. पण तो दाब रिंगा झिजल्यामुळेही वाढतो आणि इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारी नळी, म्हणजे ब्रीदर, तुंबल्यामुळेही. इंटरकूलरच्या पाइपातलं ऑइलही तसंच. ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ पुन्हा इनटेकमध्येच (हवा आत जाण्याच्या वाटेत) सोडलेली असते, त्यामुळे आतून पातळ थर बसलेला असणं नेहमीचं आहे. पाइप तिरपा केल्यावर ऑइल ओघळलं तर चिंता करावी. एकाच लक्षणाची तीन-चार कारणं असू शकतात, आणि त्यातलं सगळ्यात महागडं कारण तपासणीशिवाय सांगणं, हीच फसवणुकीची सुरुवात आहे.

आठवडाभराने गाडी मिळाली. इंजिन वरून धुऊन लखलखीत केलेलं. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, पॅकिंग किट असं सगळं तोंडी सांगितलं. कागदावर मात्र ‘इंजिन काम, लेबर व मटेरियल’ एवढी एकच ओळ, आणि तीही जीएसटी नंबर नसलेल्या साध्या पॅडवर. पैसे मात्र आबांनी फोनवरून भरले होते, त्यामुळे तो व्यवहार बँकेत नोंदलेला आहे. आबांनी जुने पार्ट मागितले. गोणपाटात बांधलेले चार पिस्टन त्यांच्या हातात दिले गेले. सोबत टॉपअपसाठी ऑइलचा उरलेला डबा दिला आणि सांगितलं, पहिले हजार किलोमीटर जपून चालवा, नव्या रिंगा बसायला वेळ लागतो.

सुरुवातीला धूर खरंच कमी झाला. त्याचं कारण त्या डब्यावरच छापलेलं होतं: 20डब्ल्यू-50. हँडबुकात सांगितलेल्या ग्रेडपेक्षा कितीतरी जाड. जाड ऑइल फटीतून सावकाश झिरपतं, म्हणून काही आठवडे सगळं ठीक वाटतं. पण थंडीतल्या सकाळी तेच ऑइल टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यापर्यंत, उशिरा पोहोचतं आणि त्याचं बेअरिंग कोरडं फिरतं. म्हणजे दुरुस्ती झाली नाहीच, उलट इंजिनचं आयुष्य कमी केलं गेलं. पुढे पातळी पुन्हा उतरू लागली. आबा परत गेले तेव्हा ‘टर्बो गेलाय, अजून 35,000 लागतील’ असं उत्तर मिळालं. ते ऐकून मी पुण्याहून आलो आणि गाडी कोल्हापूरला उद्यमनगरजवळ एका मेकॅनिककडे नेली.

त्या माणसाने काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण तपासणी कशी असते हे आपल्याला माहीत नसतं, आणि माहीत नसलं की कुणीही काहीही सांगू शकतं.

त्याने सुरुवातीला काहीच उघडलं नाही. आबांची वही वाचली. गाडी सपाट जागी रात्रभर उभी केली, खाली कोरा पुठ्ठा अंथरला आणि सकाळी थंड इंजिनवर ऑइलची पातळी दाखवणारी गेजची पट्टी बघितली. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सच्या बाजूला दोन डाग होते. टॉर्च लावून माग काढल्यावर गळती वर व्हॅक्यूम पंपाच्या रबरी ओ-रिंगपाशी निघाली. ‘हे थोडं जातंय, पण लिटर नाही जात ह्यातनं,’ तो म्हणाला. मग मला सायलेन्सरपाशी उभं केलं आणि गाडी सुरू केली. पहिल्या स्टार्टला निळा धूर नाही. काही मिनिटं स्लो चालू ठेवून रेस दिल्यावर मात्र निळसर झोत आला. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय. आणि तो निळा नेमका कधी येतो यावरून वाट कळते. आयडलवर उभ्या गाडीत ऑइल साठतं आणि रेस देताच जळतं, हे टर्बोकडे बोट दाखवणारं लक्षण. त्यावर लगेच ‘टर्बो बदला’ म्हणणंही चूकच, असं त्याचं म्हणणं होतं.

मग त्याने हिटर प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं. त्यासाठी डिझेलचा गेज लागतो, पेट्रोलचा या दाबाला टिकत नाही. चारही सिलिंडरचे आकडे 24 ते 26 बारच्या दरम्यान आले. एकमेकांत फारसा फरक नाही. बोअर आणि रिंगा शाबूत. ज्या बोअरसाठी आबांनी पैसे मोजले, तो कधी खराब झालाच नव्हता.

त्याला शंका आली ती तिथे. त्याने गाडी वर घेतली आणि मला खाली बोलावलं. इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरच्या कडेने टॉर्च फिरवली. जोडावरचं सीलंट एकसारखं, वर्षांच्या धुळीने करडं झालेलं. बोल्टांची डोकी गंजलेली, खाचांत सुकलेला चिखल, पाना लागल्याची एकही चकाकी नाही. पिस्टन आणि बेअरिंग बदलायचे तर चेंबर खाली उतरवावंच लागतं आणि हेडही (सिलिंडरवरचं झाकण) काढावं लागतं. वरून इंजिन धुतलं होतं, खालून धुवायचं राहून गेलं होतं.

गोणपाटातले पिस्टन आम्ही शेजारच्या लेथवाल्या मामांकडे नेले. त्यांनी व्हर्निअर लावायच्या आधीच मान हलवली. ‘हे ह्या गाडीचं न्हाईच.’ मल्टिजेटसारख्या कॉमन रेल इंजिनमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, म्हणून त्याच्या डोक्यावर खोल वाटी असते. या पिस्टनांचं डोकं जवळजवळ सपाट, वर नुसती उथळ खाच. असे पिस्टन जुन्या, प्रीचेंबरवाल्या इंजिनांचे, ज्यांत डिझेल आधी वेगळ्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं. मग मोजमाप: व्यास 75 मिलिमीटरच्या घरात. मल्टिजेटचा बोअर 69.6 मिलिमीटर आहे. जो पिस्टन त्या सिलिंडरमध्ये शिरूच शकत नाही, तो तिथून काढला म्हणून एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात दिला होता. मामांच्या मते ते जुन्या 1405 सीसी इंडिकाचे, तिचा बोअर बरोबर 75 आहे.

खरा दोष पुढे निघाला. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं. धातूच्या बारीक रिंगा असतात, आणि ऑइल आत अडून राहतं ते मुख्यतः दाबाच्या फरकामुळे. टर्बोतून ऑइल परत चेंबरमध्ये जाण्याचा पाइप तुंबला, किंवा ब्रीदर चोंदून चेंबरमध्ये दाब वाढला, की ऑइलला खाली वाट मिळत नाही आणि धडधाकट टर्बोतूनही ते इनटेकमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये जातं. आमच्या गाडीत दोन्ही झालं होतं. रिटर्न पाइप आतून कोळशासारख्या थराने निम्म्याहून जास्त बंद, ब्रीदरमध्ये चिकट काळा गाळ. टर्बोचा शाफ्ट त्याने हाताने हलवून दाखवला: आडवा किंचित हलला, पुढेमागे अजिबात नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. टर्बो चांगला होता. 35,000 घालून नवा बसवला असता आणि पाइप तसाच ठेवला असता, तर नव्यानेही तेच केलं असतं.

पाइप आणि ब्रीदर साफ, व्हॅक्यूम पंपाची ओ-रिंग, ऑइल आणि फिल्टर, इंटरकूलर धुणं, मजुरी धरून 10,000 च्या आत काम झालं. पक्कं बिल मिळालं. आता दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये टॉपअप करायची वेळ येत नाही.

पैशांपेक्षाही मला संताप येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. टर्बोतून इनटेकमध्ये बरंच ऑइल जायला लागलं, तर डिझेल इंजिन स्वतःच्या ऑइलवरच पळू शकतं. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, त्यामुळे किल्ली बंद केली तरी ते थांबत नाही, रेस आपोआप चढत जाते आणि शेवटी इंजिन फुटतं. असं कधी झालंच तर गाडी उभी असल्यास ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं, किंवा हवेची वाट कोंडायची. तेही न जमल्यास सगळ्यांनी उतरून लांब व्हायचं. इंटरकूलरच्या पाइपात ऑइल आलेलं त्या गॅरेजवाल्याने स्वतः बघितलं होतं, आणि तरीही ‘काम झालं’ म्हणून सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ती गाडी घाटातून न्यायला दिली. हे नुसत्या पैशांच्या फसवणुकीपुरतं राहत नाही.

तुमची गाडी ऑइल खात असेल तर आधी खप मोजा: सपाट जागा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून पट्टी, तारीख आणि किलोमीटर. पट्टीच्या वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरू नका, जादा ऑइलही ब्रीदरवाटे इनटेकमध्ये जातं. कुणी बोअर म्हणालं तर कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर मागा. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करता येत असेल तर फारच चांगलं, हवा ऑइलच्या झाकणातून फुसफुसते की सायलेन्सरमधून, ते तुम्हाला स्वतःच्या कानांनी ऐकता येतं. हेड उतरल्यावर इंजिन बघायला स्वतः जा, बोअरचे फोटो काढा. खरं काम करणारा मेकॅनिक याला कधीच नाही म्हणत नाही.

आम्ही त्या गॅरेजवाल्याकडे फोटो आणि पिस्टन घेऊन गेलो. तो आधी ‘पोरांनी गोणी बदलली असेल’ म्हणाला, मग निम्मे पैसे देऊ केले. आबांनी ते घेतले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण घटनेपासून 2 वर्षांच्या आत अर्ज व्हायला हवा. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. आमची तक्रार दाखल झाली आहे. सोबत आबांच्या वहीची पानं, ते एका ओळीचं बिल, पैसे भरल्याची बँकेची नोंद, ऑइलच्या डब्याचा फोटो, कॉम्प्रेशनचे आकडे, लेथवाल्या मामांनी सही करून दिलेलं पिस्टनचं मोजमाप आणि चेंबरच्या गंजलेल्या बोल्टांचे फोटो जोडले आहेत.